भाड्याचं रुखवत

"मशीन आमच्या टेंपोत चढवा," कलावतीबाई म्हणाल्या.

पाठवणीची वेळ होती. विट्यातल्या कार्यालयात शेवटची पंगत उठली होती, वाढपी रिकाम्या पराती रचत होते आणि नवरी उज्ज्वला आईच्या गळ्यात पडून रडत होती. तिच्या सासूबाई, कलावतीबाई, तिकडं बघतही नव्हत्या. त्या रुखवताच्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"उद्या पाठवतो की टेंपोनं," दिगूनाना घाईघाईनं म्हणाले. दिगूनाना पोरे म्हणजे नवरीचे वडील. बाजारपेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं.

"उद्या कशाला? आमचा टेंपो मोकळाच चाललाय."

"हे बाकीचं सामान नाजूक हाय ओ. तो मोत्यांचा हंस, ते तांदळाचं मंदिर..."

"ते हंसबिंस ऱ्हाऊ दे तुमच्याकडंच. मशीन तेवढं चढवा."

टेबलाच्या शेजारी ते मशीन उभं होतं. कपडे धुवायचं. म्हणजे त्याचं खोकं. खोक्यावर एक गोरी बाई हातात पांढराशुभ्र शर्ट धरून हसत होती, आणि वर मी लाल सॅटिनची रिबन बांधून फूल काढलं होतं. खोक्याच्या आत एक वीट होती. ती मीच ठेवली होती, कारण कार्यालयातले पंखे मोठे, आणि मागे एका लग्नात असंच एक खोकं मंगलाष्टकं चालू असताना पंख्याच्या वाऱ्यानं सरकत सरकत भटजींपर्यंत गेलं होतं.

माझा धंदाच तो होता. नवऱ्याचा मंडपाचा व्यवसाय आणि माझं भाड्याचं रुखवत. सुरुवातीला मी भाड्यानं द्यायची ते हंस, मंदिरं, खडीसाखरेची तुळस, लोकरीचे ससे. त्याआधी मुली हे सगळं स्वतः करायच्या आणि बायका जवळ जाऊन टाका बघायच्या. मग नोकऱ्या, शिकवण्या आल्या, मुलींना वेळ उरला नाही, तेव्हा त्यांचं कौतुक भाड्यानं मिळायला लागलं. पुढे बायका हंसाकडं बघेनाशा झाल्या. "मिक्सर कुठल्या कंपनीचा?" असं विचारायला लागल्या. मग मी ओळखीच्या दुकानातून मोठी खोकी आणून ठेवली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हंस काय आणि खोकं काय, दोन्ही पोकळच.

यात फसवाफसवी नसायची, हे सांगायला हवं. वरपक्षाच्या कानात आधी घातलेलं असायचं. दोन्ही घरांना ठाऊक, मांडायचं ते तिसऱ्यासाठी. "उद्या टेंपोनं पाठवतो" हे वाक्यही ठरलेलं. मुलीच्या बापानं ते मोठ्यानं म्हणायचं, मुलाच्या बापानं मान हलवायची, आणि मग माझा टेंपो यायचा.

कलावतीबाईंनी मान हलवली नाही.

दिगूनानांनी मला खांबाआड गाठलं. त्यांच्या फेट्याचं टोक घामानं चिकटलं होतं.

"रत्नाताई, काहीतरी करा."

"त्यांना सांगितलं नाही तुम्ही?"

"कसं सांगू? बैठकीत पोरीला मशीन देतो म्हणून शब्द दिला हुता."

"मग घेतलं का नाही?"

"घेणारच हुतो. त्यांची माणसं किती आली बघितलंसा न्हवं? पंगतीवर पंगत उठली. मशीन पंगतीतच गेलं." ते आणखी जवळ सरकले. "आणि उजूला ठाऊक न्हाई. तिच्याच पैशाचं मशीन हाय ते. तीन वर्षं माझ्या दुकानात पिको-फॉल करून साठवल्याले. तिला वाटतंय, खोक्यात मशीन हाय."

आता मात्र मला राग आला. दुनियेला दाखवायला रिकामं खोकं ठीक आहे, पण जिच्या कमाईचं, तिलाच रिकामं दाखवायचं? पण बोलून उपयोग नव्हता. तिकडं सासरची पोरं टेंपोचा फाळका पाडत होती.

"पाठराखीण कोण जातंय?" मी विचारलं.

"माझी बहीण."

"तिला ठेवून घ्या. मी जाते."

सासरी नव्या नवरीबरोबर दोन दिवस राहायला माहेरची एक बाई जाते. बहुतेक वेळा तिचं काम म्हणजे नवरी रडली तर डोळे पुसणं. माझं काम जरा वेगळं होतं. ते खोकं कुणी उघडायच्या आत काहीतरी निमित्त काढून परत आणायचं, आणि तोवर त्या पोरीची अब्रू राखायची. नातं सांगायची अडचण नव्हती. रुखवताजवळ राखण करत उभं राहायचं, तर बायका विचारतातच की तुम्ही कोण. मी प्रत्येक लग्नात मावशी असायची.

खोकं उचलताना मी डोळे मिटून घेतले. चौघं पोरं होती, त्यात नवरदेव प्रमोदही. म्हटलं, आता एका हातात वर जाईल आणि सगळ्यांसमोर हसं होईल. पण पोरं वाकली, कण्हली, "ए, खालनं धर, खालनं!" म्हणून ओरडली आणि धापा टाकत त्यांनी ते टेंपोत ठेवलं. प्रमोदनं तर कमरेला हात लावून पाठ सरळ केली. मला वाटलं, काय पोरं आहेत ही, एक वीट उचलवेना. नाहीतर नानांनी वेळेवर आत दगडधोंडे भरले असावेत. काही का असेना, निभावलं.

माळेवाडीला, तिच्या सासरी, जाईपर्यंत जीपमध्ये उज्ज्वला माझ्या शेजारी होती. घाट चढून गेल्यावर तिचं रडं थांबलं. दोन्हीकडं उघडे माळ, बाभळी, आणि रस्त्याकडेला घागरींची रांग लागलेली. घागरींजवळ माणूस कुणी नव्हतं, नुसत्या घागरी टँकरची वाट बघत होत्या.

"मावशी," ती हळूच म्हणाली. मी कोण हे तिला माहीत होतं, पण लगेच मावशी म्हणायला लागली होती. "कपड्याच्या मशीनला पाणी किती लागतं हो?"

"पुष्कळ लागतं म्हणतात."

ती घागरींकडं बघत राहिली. "मला खरं तर हे नको होतं. मी बाबांना म्हटलं, मला मशीन द्या. आमच्या घरात मशीन म्हटलं की शिलाईचंच. पिकोचं एक घेतलं असतं, तर इथं बसून काम केलं असतं. बाबा म्हणाले, रुखवतात पिकोचं मशीन मांडलं तर लोक म्हणतील, शिंप्यानं पोरीला कामाला लावून पाठवलं. मग म्हटलं, घ्या तुम्हाला काय घ्यायचं ते. पैसे माझे आहेत एवढं खरं."

मी खिडकीबाहेर बघितलं. त्या पोरीला तिथंच सगळं सांगून टाकावं असं फार वाटलं. पण पुढच्या सीटवर नवरदेव बसला होता.

माळेवाडीत गल्ली भरून माणसं उभी होती. कलावतीबाई टेंपोतून आधी उतरल्या. ओवाळायच्या ताटाआधी त्यांनी फाळका पाडायला लावला.

"चौघं लागा रे! सावकाश. आदळू नगा, काच असती आत."

पोरं पुन्हा कण्हत खोकं घेऊन चालली. बायका बाजूला सरकून वाट देत होत्या. एका म्हातारीनं तर जाता जाता त्याला हात लावून तो कपाळाला लावला. खोकं आतल्या खोलीत गेलं, मग नवरीनं माप ओलांडलं.

घर साधं होतं. बाहेरच्या खोलीत नवा फ्रीज होता आणि त्याच्यावर विणलेलं झाकण. मी पाणी मागितलं तर मला माठातलं मिळालं. माळ्यावर खोकी रचली होती, टीव्हीचं, इस्त्रीचं, मिक्सरचं, चित्राची बाजू पुढं करून. प्रमोद सेलमला असतो, गलाईच्या धंद्यात आहे, एवढं लग्नात ऐकलं होतं. सोन्याचांदीचं गाळण करणारे आमच्या भागातले लोक देशभर पसरलेत, त्यातले काही फार मोठे झालेत. प्रमोद त्यातल्या एकाच्या भट्टीवर कामाला होता, हे चहा पिता पिता कळलं.

दिवे लागायच्या सुमारास कलावतीबाईंनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मी मनात तयारी केलेली सुरुवात केली.

"बाई, हे मशीन जरा बदलून आणायचंय. दुकानदारानं चुकून..."

त्यांनी एक हात खोक्याखाली घातला आणि ते अलगद वर उचललं. आतली वीट खडखडली.

"तुम्ही पोरीच्या मावशी न्हवं?"

"हो."

"गेल्या वैशाखात तुम्ही माझ्या भाचीच्याबी मावशी हुतासा. आणि ह्या खोक्याचा ह्यो कोपरा तवाबी असाच फाटल्याला हुता."

मी खाली बसले. त्याही खोकं ठेवून समोर बसल्या. चेहऱ्यावर राग नव्हता.

"मांडवातच कळलं मला. म्हणून तर टेंपोत घेतलं."

"कळलं होतं, तरी?"

"तरी म्हंजे? म्हणूनच. गल्लीत मी महिनाभर सांगितलंय, मशीन येणार. उद्या टेंपोनं येतंय म्हटलं असतं, तर उद्या काय दाखवलं असतं? पोरास्नी सांगून ठेवलं, कमरेतनं वाका, आणि त्वांड गप ठेवा."

म्हणजे पोरांच्या अंगात ताकद होती. मला हसू आलं, ते मी दाबलं.

"बरं झालं," मी म्हटलं, "गल्लीनं बघितलं. आता मला देऊन टाका. माझं पोट आहे त्याच्यावर."

"न्हाई. ते माळ्यावर ऱ्हाणार. तुम्ही दुसरं बघा."

"आणि नवरीला काय सांगायचं?"

"पाण्याची लाईन आल्याबिगर खोलायचं न्हाई, असं सांगायचं. लाईन काय इतक्यात येत न्हाई."

"बाई, तिला खरं तर पिकोचं मशीन हवं होतं. घरात बसून चार पैसे..."

"मशीनचं नाव काढू नगा," त्या एकदम फटकन बोलल्या. "माझ्या सासऱ्यानं जलमभर दुसऱ्याच्या चोळ्या शिवल्या. मी हातशिलाई करून करून डोळं घालवलं. ह्या गल्लीत सगळी मला शिंपीण म्हणायची. आता गलाईवाल्याची आई म्हणत्यात. माझ्या सुनंनं परत दारात मशीन मांडून बसायचं व्हय?"

त्यांचं म्हणणं मला पटलं नाही, पण त्यांचा राग कळला. काही माणसांना दारिद्र्यापेक्षा त्याच्या नावानं मारलेली हाक जास्त लागते. मी उठले. उद्याचं उद्या बघू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. सकाळी उज्ज्वला आतली खोली झाडत होती आणि मी तिथंच सतरंजी गुंडाळत होते. तिनं खोक्याभोवती केर काढला. मग एका कोपऱ्यात जळमट दिसलं म्हणून तिनं खोकं जरा सरकवायला हात लावला, आणि ते हातभर सरकलं. ती थांबली. तिनं केरसुणी खाली ठेवली, खोकं दोन्ही हातांनी उचललं आणि परत ठेवलं.

"मावशी, रिकामं आहे."

मी मान हलवली.

"बाबांना माहीत आहे?"

"हो."

"आत्यांना?" सासूला ती आत्या म्हणायची.

"त्यांनाही."

"ह्यांना?"

"उचललं ना त्यांनीच."

"म्हणजे मलाच तेवढं माहीत नव्हतं." ती जमिनीवर बसली. मला वाटलं, आता ही हंबरडा फोडणार आणि बाहेरच्या बायका आत येणार. पण तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, "माझे पैसे कशात गेले?"

"जेवणात."

"जिलेबीत," ती म्हणाली. "पुरुषांच्या पंगतीला दुसऱ्यांदा फिरवली तेव्हाच मी बाबांच्या तोंडाकडं बघितलं होतं." तिनं पदरानं डोळे पुसले, मला पुसावे लागले नाहीत. मग ती बराच वेळ त्या खोक्यावरच्या हसऱ्या बाईकडं बघत बसली. कलावतीबाईंनी कालच रात्री जेवताना तिला लाईनीचं सांगितलं होतं. तेही तिला आता नीट कळलं असणार. बाहेरून कुणीतरी हाक मारली, तशी ती उठून गेली.

पूजा झाली, प्रसाद झाला. पुरुष निघून गेले आणि बायका रुखवत बघायला आत आल्या. आहेरात आलेली भांडी बघितली, मिक्सर हातात घेऊन बघितला. मग सगळ्या खोक्यासमोर उभ्या राहिल्या.

"खोला की कलाबाई," एक जाडजूड बाई म्हणाल्या. त्यांना सगळ्या गोदाकाकू म्हणत होत्या. "बघू तरी कसं असतंय."

"लाईन आल्यावर खोलणार," कलावतीबाई म्हणाल्या.

"बघायला काय पाणी लागतंय व्हय?"

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, नुसती रिबन सोडा, वरनं डोकावू. गोदाकाकूंचा कडेवरचा नातू खाली उतरून खोक्याला हातांनी धरून वर चढायला लागला. पुठ्ठा आत वाकला. मी त्याला उचलून घेतलं, पण गोदाकाकू खोक्याकडंच बघत होत्या. कलावतीबाईंचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. इतक्या लग्नांतली मावशी मी, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

"खोलू नका, काकू," उज्ज्वला म्हणाली. डोक्यावर पदर, हातात प्रसादाचे द्रोण. "ते माघारी चाललंय."

"माघारी?"

"आत्यांनीच सांगितलं. म्हणल्या, इथं प्यायला पाणी टँकरनं येतं, आणि ह्याला कुठनं घालू? ह्याच्या बदली पिकोचं मशीन घेऊन या म्हणल्या. म्हणून तर मावशी थांबल्यात. खोललं तर दुकानदार बदलून देत नाही, व्हय ना मावशी?"

"अजिबात देत नाही," मी म्हटलं. एवढं मात्र जमलं.

मग गोदाकाकूंनी कलावतीबाईंच्या पाठीत एक हलकी चापट मारली.

"शाणी बाई गं तू! न्हाईतर आमच्या सुनंनं आणल्यालं बघ, दोन वर्षं झाली, त्यात ज्वारी ठेवतोय."

"पिकोला आमाला पार विट्याला जावं लागतंय," दुसरी म्हणाली. "माझ्या दोन साड्या तशाच पडल्यात. तुझ्या सुनंकडंच देते."

"माझीबी घे गं."

कलावतीबाई सुनेकडं बघत होत्या. उज्ज्वलानं नजर खाली वळवली नाही. पहिल्या दिवसाच्या सुनेनं वळवायला हवी होती. सासूच्या तोंडावर राग आला, मग तो गेला, मग आणखी काहीतरी आलं, त्याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

"व्हय," त्या शेवटी म्हणाल्या. "मीच म्हटलं. घरात बसून पोरगी काय करणार?" आणि दाराकडं वळून ओरडल्या, "प्रमोद! चौघं या रे. जपून उचला."

दुपारच्या टेंपोत मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसले आणि मशीन मागं. सगळी गल्ली निरोप द्यायला आली होती. उज्ज्वला टेंपोच्या खिडकीशी आली, माझ्या ओटीत नारळ घातला आणि कानाशी तोंड आणून बाबांसाठी निरोप सांगितला.

विट्यात उतरल्यावर मी घरी न जाता आधी दिगूनानांच्या दुकानात गेले. लग्नाचा मांडव काल उतरला होता आणि माणूस आज कामावर बसला होता. पिकोच्या मशीनवर कुणाचीतरी जांभळी साडी होती. मला बघून त्यांचा पाय थांबला.

"उजू?"

"बरी आहे. खोकं आणलंय मी. कुणी उघडलं नाही."

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मी त्यांना देवाचे आभार मानू दिले, आणि मग बाकीचं सांगितलं. सगळं, उज्ज्वलाचा निरोप तेवढा सोडून. ते ऐकत असताना साडीचा काठ हाताच्या बोटांनी सारखा सरळ करत होते.

"माझ्याकडं पिकोचं हे एकच हाय," ते म्हणाले.

"तिला ठाऊक आहे."

"दुकानात निम्मं काम ह्याच्यावरचं."

"तेही ठाऊक आहे. ते निम्मं काम तीच करत होती ना?"

नानांनी साडीचा राहिलेला काठ शेवटपर्यंत नेला, दोरा तोडला, साडीची घडी घातली. मग खिशातला रुमाल काढून ते मशीन पुसायला लागले. चाक, सुईचा दांडा, टेबलाची फळी. बराच वेळ पुसत होते. पुसून झाल्यावर त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या टेंपोकडं बघितलं. वरची लाल रिबन वाऱ्यानं उडत होती.

"त्या खोक्यात घालून पाठवू का?" त्यांनी विचारलं. "तेवढंच बरं दिसंल."

तोच निरोप मला द्यायचा राहिला होता.

"नको म्हणाली," मी म्हटलं. "उघडंच पाठवा म्हणाली. दिवसाढवळ्या, गल्लीतनं."